संच कुणाचा? मुंबईच्या टेलिफोनची एक शीव

दिवाळीच्या आवराआवरीत यंदा कपाटाचा सर्वांत खालचा खण रिकामा केला. शीवच्या आमच्या घरात हा खण म्हणजे फेकवत नाही आणि वापरवतही नाही अशा वस्तूंचे माहेरघर. त्यातून एकूण सात मोबाइल फोन निघाले. चार्जर शोधून एकेक लावून पाहिला. सातांपैकी चार चक्क सुरू झाले. पडदा उजळला, घंटी वाजली, जुने फोटोही दिसले. म्हणजे ते बिघडले म्हणून खणात गेले नव्हते. कुठल्या ना कुठल्या वर्षी बाहेरचे जाळे बदलले आणि ते मागे पडले, एवढेच.

खणात एक वस्तू मात्र नव्हती: काळा, जड, बोट घालून फिरवायच्या चकतीचा टेलिफोन. आमच्याकडे तो पुष्कळ वर्षे होता. वडिलांनी अर्ज केल्यावर किती वर्षांनी तो आला, याची कथा आई अजून सांगते. मग तो गेला कुठे? आईलाच विचारले. ती म्हणाली, "अरे, तो आपला कुठे होता? खात्याचा होता. नवा बसवला तेव्हा माणूस येऊन घेऊन गेला."

हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. मी तंत्रज्ञ नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, आणि बाकीचे जे काही आले ते रद्दीवाल्याकडून आणलेल्या जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, मासिके आणि दुरुस्तीच्या दुकानांतल्या गप्पा यांतून. पण हिशेब लावायची सवय आहे. जो संच आमचा नव्हता तो कधी निकामी झाला नाही, आणि जे सात आमचे होते ते एकामागून एक निकामी झाले. हा योगायोग आहे की यामागे काही इतिहास आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

तारेच्या टोकाला

शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट इथे संपायचे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. १८०५मध्ये डंकनचा बांध पुरा झाला आणि शीवहून कुर्ल्याला पायी जाता येऊ लागले. टेलिफोनचीही अशीच एक शीव असते: जाळे कुठे संपते आणि गिऱ्हाइकाची मालकी कुठे सुरू होते. मुंबईत ही शीव शंभराहून अधिक वर्षे एका जागी होती आणि मग ती सरकली.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले १८८२मध्ये, कलकत्ता आणि मद्रासबरोबरच. सेवा खासगी कंपनीची होती. १९४३मध्ये सरकारने या तिन्ही शहरांतल्या टेलिफोन कंपन्या ताब्यात घेतल्या आणि १ एप्रिल १९८६ रोजी मुंबई-दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाला. मालक बदलत गेले, पण तारेच्या टोकाला असलेला संच सेवा देणाऱ्याचा, हा रिवाज दीर्घकाळ टिकला.

त्याला तांत्रिक कारण होते. जुना टेलिफोन हे स्वतंत्र यंत्र नव्हतेच. त्याला लागणारी वीज, सुमारे ४८ व्होल्ट, एक्स्चेंजमधूनच तारेने यायची. म्हणूनच घरातले दिवे गेले तरी फोन चालायचा. चकती फिरवून सोडली की परत जाताना ती तारेतला प्रवाह तोडत जाई. पाच आकड्याला पाच वेळा, शून्याला दहा वेळा. एक्स्चेंजमधले यंत्र हे तुकडे मोजत पुढे सरके. ही कल्पना अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर नावाच्या माणसाची, आणि त्याचा व्यवसाय होता प्रेतांच्या अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. १८९१मध्ये त्याला पेटंट मिळाले. एक्स्चेंज आणि संच ही एकाच यंत्राची दोन टोके होती. म्हणून ऑपरेटरला नंबर सांगण्याची पद्धत जाऊन चकती आली तेव्हा घरोघरचे संच बदलण्याचे काम ज्याचे संच होते त्याच्याकडेच गेले.

पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजे आली. त्यांना प्रवाहाच्या तुकड्यांची गरज उरली नव्हती. बटण दाबल्यावर निघणाऱ्या दुहेरी सुरांवरून ती आकडा ओळखत. तरी त्यांनी जुन्या चकतीची भाषा ओळखणे सोडले नाही. याच सुमारास खासगी कारखान्यांनाही संच बनवायची परवानगी मिळाली आणि बाजारात बटणांचे रंगीत फोन दिसू लागले. त्यांच्या पोटाशी एक छोटी कळ असे, एका बाजूला 'पी', दुसऱ्या बाजूला 'टी'. पी म्हणजे पल्स, जुन्या एक्स्चेंजसाठी. टी म्हणजे टोन, नव्यासाठी. ज्यांच्या घरी तो काळा फोनच राहिला, त्यांचे एवढेच अडे की "अमुक माहितीसाठी एक दाबा" म्हटल्यावर त्यांना काही दाबता येत नसे. बोलणे मात्र थांबले नाही.

इथे एक सांगायला हवे, नाहीतर हा लेख जुन्या दिवसांची आरती होईल. संच खात्याचा होता आणि तो मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. लवकर हवा तर 'ओन युअर टेलिफोन' नावाच्या योजनेत मोठी रक्कम आगाऊ भरावी लागे. नावात 'ओन' असले तरी त्याने एवढेच होई की रांगेत पुढे जाता येई. लालबाग-परळच्या चाळींत एका फोनवर मजलाच्या मजला बोलावला जायचा, तो हौसेने नव्हे. ज्याला फोन मिळाला त्याला तंत्र बदलण्याची झळ लागली नाही, हे खरे. पण बहुतेकांना फोनच मिळाला नव्हता, हेही तितकेच खरे.

दोन प्रकारच्या विजेवर चालणारी लोकल

तंत्र बदलताना गिऱ्हाइकाला झळ लागू न देणे शक्य असते का, याचे दुसरे उदाहरण आमच्या शीव स्टेशनातून रोज जाते. मुंबईत विजेची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत धावली. वीज होती १५०० व्होल्टची, एकदिश. पुढे देशभर रेल्वेने २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज स्वीकारली आणि मुंबई जुन्या पद्धतीवर एकटी उरली. लांब गाड्यांना ती वीज अपुरी पडू लागली, तेव्हा बदल करणे भाग झाले.

तो बदल रेल्वेने कसा केला? आधी दोन्ही प्रकारच्या विजेवर चालतील अशा गाड्या आणल्या. अनेक वर्षे त्या जुन्या विजेवर धावत राहिल्या. पुरेशा गाड्या झाल्यावर टप्प्याटप्प्याने, रात्रीच्या वेळी, वरच्या तारेतली वीज बदलली. पश्चिम रेल्वेचे काम २०१२मध्ये संपले, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर आमच्या बाजूचा शेवटचा टप्पा २०१५मध्ये झाला, हार्बरचे २०१६मध्ये. सकाळी पासधारक नेहमीच्या डब्यात नेहमीच्या जागी उभा राहिला. नवा पास काढा, असे त्याला कुणी सांगितले नाही.

मोबाइलच्या बाबतीत हीच गोष्ट उलटी झाली. तार बदलायची कंपनीने आणि इंजिन विकत घ्यायचे प्रवाशाने.

कान, भाषा आणि परवानगी

मुंबईत मोबाइल सेवा आली १९९५मध्ये. परवाने दोन कंपन्यांना होते, बीपीएल आणि हचिसन मॅक्स. दुसरीची सेवा 'मॅक्स टच' नावाने ओळखली जाई. मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर, आणि येणाऱ्या फोनलाही पैसे. भारताने निवडलेली पद्धत होती युरोपातली जीएसएम. तिची मोठी युक्ती म्हणजे सिम कार्ड. गिऱ्हाइकाची ओळख कार्डात, आणि संच निराळा. कार्ड काढा, दुसऱ्या संचात घाला, नंबर तोच. जाळे आणि संच यांची शंभर वर्षांची गाठ इथे सुटली. संच गिऱ्हाइकाचा झाला आणि हेराफेरीच्या बाजारापासून झगमगत्या दुकानांपर्यंत कुठेही मिळू लागला. हे स्वातंत्र्य मोठेच होते. त्याबरोबर एक जोखीमही आपल्या पदरात आली, ती तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही.

जाळे आणि संच जुळायला तीन गोष्टी लागतात. पहिली कान: ज्या लहरींवर मनोरा बोलतो त्या ऐकू यायला हव्यात. दुसरी भाषा: ऐकू आलेले समजायला हवे. तिसरी परवानगी: ऐकू येते, समजते, पण फोनमधल्या प्रणालीने ते वापरायची मुभा दिलेली हवी. मुंबईचा गेल्या तीस वर्षांचा अनुभव या क्रमाने मांडता येतो.

आधी कान. पहिल्या कंपन्या ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होत्या. २००२मध्ये चौथी कंपनी म्हणून एअरटेल मुंबईत आली ती १८०० मेगाहर्ट्झवर. पद्धत तीच जीएसएम, पण ज्याचा संच फक्त ९०० ऐकणारा, त्याला ते जाळे नव्हतेच. 'ड्युअल बँड' हा शब्द मुंबईकरांच्या तोंडी आला तो या दिवसांत. असाच अनुभव माझ्या बहिणीमुळे आला. ती न्यू जर्सीत असते. २०११मध्ये तिने हौसेने तिथला एक चांगला फोन आणला. बोलणे व्यवस्थित चाले, पण थ्रीजी म्हणून लागेना. संच खोटा आहे, तुम्हाला फसवले, इथपर्यंत शेजाऱ्यांची मजल गेली. फोन खरा होता. त्याचे थ्रीजी अमेरिकेतल्या ८५० आणि १९०० मेगाहर्ट्झसाठी होते आणि मुंबईचे होते २१०० वर. दिवाळीला परदेशातून फोन आणण्याची प्रथा ज्या घरांत आहे, त्यांतल्या कित्येकांनी हे अनुभवले असेल.

ही २१००ची पट्टी किती मोलाची होती, हे पाहण्यासारखे आहे. महानगर टेलिफोन निगमने मुंबईत थ्रीजी सुरू केले २००९मध्ये. खासगी कंपन्यांसाठी लिलाव झाला एप्रिल-मे २०१०मध्ये; १८३ फेऱ्या झाल्या. एकट्या मुंबई परिमंडळातल्या एका पट्टीची किंमत ३,२४७ कोटी रुपयांवर गेली. उरलेल्या सगळ्या महाराष्ट्राची, गोव्यासकट, १,२५८ कोटी. मुंबईत ती पट्टी रिलायन्स, व्होडाफोन आणि एअरटेल यांना मिळाली. मुंबईची सर्वांत जुन्यांपैकी एक कंपनी, बीपीएल, तोवर 'लूप' झाली होती. तिच्याकडे ती नव्हती. तिच्या गिऱ्हाइकाने कितीही महागडा थ्रीजी फोन घेतला तरी तो त्या जाळ्यावर टूजीच होता. नोव्हेंबर २०१४मध्ये लूप बंद झाली.

आता भाषा. २८ डिसेंबर २००२ रोजी रिलायन्स इन्फोकॉमने सीडीएमए पद्धतीची सेवा सुरू केली. २००३च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून फोन मिळू लागला आणि भाजीवाल्यापासून रंगाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या हाती तो दिसू लागला. मुंबईत मोबाइल खऱ्या अर्थाने सार्वत्रिक झाला त्यात या ५०१ रुपयांचा वाटा मोठा आहे. पण त्या संचांत सिम कार्ड नव्हते. नंबर संचातच कोरलेला. कंपनी सोडायची तर संच टाकायचा. २०१६मध्ये त्या सीडीएमए गिऱ्हाइकांना फोरजीकडे वळवण्यात आले. सीडीएमए ज्या ८५०च्या पट्टीवर चाले, तीच पट्टी आता फोरजीसाठी वापरली जाऊ लागली. म्हणजे शीवच्या हवेत तीच लहर होती, फोनचे कान शाबूत होते, पण मनोरा आता वेगळी भाषा बोलत होता.

फोरजीने भाषेचा आणखी एक पेच आणला. ही पद्धत मुळात माहिती वाहण्यासाठी रचलेली. सुरुवातीच्या फोरजी फोनवर कुणाचा कॉल आला की फोन गुपचूप थ्रीजी किंवा टूजीवर उतरे, बोलणे झाले की परत वर चढे. महाराष्ट्रात हे फोरजी प्रथम आले पुण्यात, ऑक्टोबर २०१२मध्ये, तेही बहुतांशी संगणकाला लावायच्या डोंगलवर. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाली तेव्हा तिच्याकडे उतरायला खालची पायरीच नव्हती. टूजी नाही, थ्रीजी नाही. बोलणेही फोरजीतूनच, ज्याला व्होल्टी म्हणतात. त्यामुळे ज्यांनी वर्षापूर्वीच 'फोरजी' लिहिलेला फोन घेतला होता, त्यांतल्या अनेकांना इंटरनेट मिळे पण साधा कॉल लागेना. त्यासाठी वेगळे ॲप घालावे लागे.

आणि इथे इतिहासाने एक गंमत केली. २१ जुलै २०१७ रोजी मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागृहात रिलायन्सच्या भागधारकांच्या सभेत जिओफोन जाहीर झाला. साधी बटणे, आत फोरजी आणि व्होल्टी. किंमत शून्य, मात्र १,५०० रुपये अनामत. तीन वर्षांनी संच परत केला की ती परत. दुसऱ्या कंपनीचे सिम त्यात चालत नसे. म्हणजे जुन्या संचांमुळे नवे जाळे अडले, तेव्हा तारेच्या जमान्यातलाच तोडगा पुन्हा निघाला: जाळे आमचे, तर संचही आम्हीच देऊ. आईने हे ऐकले असते तर म्हणाली असती, हे तर आमचेच जुने खाते.

शेवटी परवानगी. १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत फाइव्हजीचे उद्घाटन झाले आणि पहिल्या शहरांत मुंबई होती. तोवर लाखो लोकांच्या खिशात फाइव्हजीचा शिक्का असलेले फोन होते. कान होते, भाषाही होती. तरी चिन्ह उमटेना, कारण फोन बनवणाऱ्याने आतल्या प्रणालीत ते चालू केले नव्हते. सरकारला फोन-उत्पादकांची बैठक बोलवावी लागली. आयफोनना ती मुभा मिळायला डिसेंबर उजाडला. पैसे देऊन घेतलेल्या, खिशातल्या वस्तूचे एक दार बाहेरून कुलूपबंद असू शकते, हे अनेकांना तेव्हा प्रथम कळले.

मधल्या मुलाचे दुःख

या सगळ्यात सर्वांत चमत्कारिक गत झाली थ्रीजी फोनची. एअरटेलने कोलकात्यापासून सुरुवात करून मार्च २०२०पर्यंत देशातले आपले थ्रीजी बंद केले. इतरांनीही पुढे ते आवरते घेतले. त्या लहरी फोरजीला दिल्या. टूजी मात्र चालू ठेवले, कारण साधे फोन वापरणारी कोट्यवधी माणसे त्यावर होती. परिणाम असा की २००५चा बटणांचा फोन चालत राहिला आणि २०१२चा पडद्याचा फोन मागे पडला. थोरला जगला, धाकटा मिरवला, मधला कुठलाच नाही.

आमच्या मजल्यावरच्या एका काकूंकडे असाच मधला फोन होता. मुलाच्या जुन्या फोनवर त्या नातवाचे फोटो पाहायच्या. २०२०च्या टाळेबंदीत फोटो येईनासे झाले. फोन लागायचा, पण चक्र नुसते गरगरत राहायचे. काही महिन्यांनी दुकाने उघडल्यावर मी तो स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उघडलाही नाही. म्हणाला, "साहेब, फोन ठणठणीत आहे. ह्याचं नेटवर्कच गेलं. टूजीवर फोटो कसा उतरणार?" काकूंना मी ते सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "पण मग मला कुणी सांगितलं का नाही?" कदाचित संदेश आला असेल, इंग्रजीत, शंभर जाहिरातींच्या मधे. कंपनी कोणती, हा मुद्दा नाही. काकूंचा प्रश्न मला आजही या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

त्याच महिन्यांत शाळा फोनवर भरत होत्या. शीवच्या रुळांपलीकडे धारावीत एका घरात दोन-तीन मुले आणि एक फोन, आणि तोही जुना, ही परिस्थिती सर्वांनी पाहिली आहे. ३१ जुलै २०२० रोजी, देशातल्या मोबाइलला पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी, मुकेश अंबानी यांनी टूजी इतिहासजमा करण्याचे आवाहन केले. तीस कोटी लोक टूजीत अडकले आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. ते अडकले आहेत हे मान्य. पण टूजी बंद केल्याने ते सुटतील की तुटतील, हे त्यांच्या हातात नवा संच कोण देणार, यावर अवलंबून आहे. बँकेचा ओटीपी, गॅसची नोंदणी, हे सगळे आज त्या साध्या फोनवर येते.

दुसरी वाटही असते, आणि ती आपल्याच देशात शोधली गेली आहे. मार्च २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने 'यूपीआय १२३ पे' आणले, साध्या फोनवरून पैसे पाठवण्यासाठी. त्याआधीपासून *९९# ही सोय होतीच. इथे माणसाने फोन बदलावा असे म्हटले नाही, सेवा फोनाला जुळवून घेतली. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजने चकतीची भाषा सोडली नाही, त्याच जातीचा हा शहाणपणा.

माझे म्हणणे जाळे बदलू नये असे नाही. लहरी मोजक्या आहेत. जुन्या भाषेत त्या अडवून ठेवल्या तर सगळ्यांचेच नुकसान. संच पुन्हा कंपनीचा व्हावा असेही नाही. त्या रांगा मला नकोत. पण शीव सरकली तेव्हा जबाबदारीचे वाटप कुणी केलेच नाही. रेल्वे मेगाब्लॉकची वेळ आधी सांगते. जाळे बंद होण्याची तारीख तशीच, मराठीत, ठळक आणि बरीच आधी सांगता येईल. फोनच्या खोक्यावर कॅमेऱ्याच्या आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत तो कुठल्या पट्ट्यांवर आणि किती वर्षे चालेल हे छापता येईल. आणि जे जाळे बंद करून लहरी मोकळ्या होतात, त्या फायद्यातला वाटा मागे राहणाऱ्याच्या नव्या संचासाठी काढता येईल. जिओफोनने दाखवले की हिशेब बसवायचा ठरवला तर बसतो.

खणातले तीन फोन ई-कचऱ्याच्या पेटीत दिले. थ्रीजीवाला मात्र द्यायला हात धजला नाही, त्यात वडिलांचे फोटो आहेत. सर्वांत जुना, बटणांचा, मी पुसून पुन्हा चार्ज केला. आताचे नखाएवढे सिम त्यात बसेना, म्हणून दुकानातून प्लास्टिकची चौकट आणली. दोन मिनिटे तो शोधत राहिला आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात चार काड्या उभ्या राहिल्या. आईने माझ्या नंबरावर फोन लावला. माझा नवा फोन वाजला. तो आता तिच्याच उशाशी असतो. किती दिवस चालेल, ती विचारते. तारीख कुणी सांगितलेली नाही, एवढेच मी तिला सांगू शकतो.